बर्फातली कोळंबी



गेल्या रविवारी दुसरी मिस्सा आटोपून मी देवळाच्या पायऱ्या उतरत होतो, तोच एका माउलीने मला वाटेत थांबविले. तिचा मुलगा बेळगावात नोकरीस आहे. शनिवारी घरी येताना तो एक पाकीट घेऊन आला होता. आत कोळंबी होती. सोललेली, आणि दगडासारखी गोठलेली. त्या पाकिटावरून घरात दोन पक्ष पडले. सासूबाई म्हणाल्या, "ही मासळी कधी मेली ते देवाला ठाऊक, माझ्या चुलीवर नको." मुलगा म्हणाला, "शहरात सगळे हेच खातात." मध्ये सापडलेली ती माउली मला विचारीत होती, "फादर, तुम्हीच सांगा, हे खावे की खाऊ नये?"

सेमिनरीत आम्हांस पुष्कळ प्रश्नांची उत्तरे पढविली गेली. हा प्रश्न मात्र तेथे कोणी काढला नव्हता. तरी मी तिला तेथल्या तेथे उत्तर दिले. खावे, असे सांगितले. परंतु घरी परतल्यावर मला चुटपुट लागली. कारण 'खावे' हे सांगणे सोपे. ते कसे आणावे, कसे ठेवावे आणि कसे शिजवावे, हे त्याबरोबर सांगितले नाही तर ते उत्तर अर्धे राहते. अर्ध्या उत्तराची किंमत काय पडते ते मला ठाऊक आहे. ती हकीकत पुढे ओघाने येईलच. म्हणून या आठवड्याचे आपले हे पान मी स्वयंपाकघराकडे वळवीत आहे. धर्मगुरूने कोळंबीवर लिहावे याचे कोणास नवल वाटल्यास त्यांनी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा दहावा अध्याय काढून पाहावा. मोशेच्या नियमाप्रमाणे ज्या जलचरांस पर नाहीत व खवले नाहीत ते निषिद्ध होते, म्हणजे कोळंबीही आलीच. यापो येथे समुद्रकाठच्या एका चांभाराच्या घरी, भर दुपारी, भुकेल्या पेत्राला गच्चीवर जो दृष्टान्त झाला, तो झाला नसता तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

आपल्याकडे या जिनसाला तीन नावे आहेत. छापील मराठीत कोळंबी, घाट उतरून गोव्याकडे गेले की सुंगट, आणि बेळगावच्या बाजारात झिंगा. नावे तीन असली तरी तक्रार एकच, की घाटमाथ्यावर ती ताजी मिळत नाही. आपण बाजारात ज्याला ताजी म्हणतो ती कोळंबी होडीवर एक रात्र काढते, बंदरावर लिलावात थांबते, टेम्पोतून वेंगुर्ला, मालवण किंवा कारवारहून घाट चढते, आणि वाटेत बर्फ वितळला की वरून नवा बर्फ टाकला जातो. आपल्या हातात पडेतो बहुधा तिसरा दिवस उजाडलेला असतो. याउलट, जी कोळंबी पाण्याबाहेर काढल्यावर थोड्या तासांत कारखान्यात नेऊन गोठविली गेली, ती तीन महिन्यांनंतरही या तिसऱ्या दिवसाच्या कोळंबीपेक्षा अधिक ताजी असू शकते. सासूबाईंना हे पटणार नाही. पण ते खरे आहे. शिवाय जून व जुलै या दोन महिन्यांत मासळीच्या विणीसाठी पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास बंदी असते. त्या दिवसांत खाडीची किंवा तळ्यातली थोडी कोळंबी मिळते, नाही असे नाही. पण एरवी सुकी मासळी किंवा हे बर्फातले पाकीट, हेच आपले दोन आधार.

गोठविण्याची क्रिया थोडी समजून घेतली म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. मासळीच्या अंगात बराच मोठा वाटा पाण्याचा. ते पाणी सावकाश गोठले तर त्याचे मोठाले, सुईसारखे स्फटिक बनतात व ते मांसाच्या पेशी फोडून टाकतात. मग बर्फ वितळला की सारा रस वाहून जातो व उरतो तो चोथा. तेच पाणी झपाट्याने गोठले तर स्फटिक बारीक राहतात व मांस शाबूत राहते. कारखान्यात अतिशीत वाऱ्याच्या झोतात एकेक कोळंबी सुटी सुटी गोठवितात, ती याचसाठी. घरच्या फ्रीजला हा वेग साधत नाही. म्हणून बाजारची ओली कोळंबी आणून घरी गोठविणे आणि कारखान्यात गोठविलेली आणणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. आणखी एक गोष्ट मनात पक्की धरावी. थंडीने जंतू मरत नाहीत, ते निजतात. ऊब मिळाली की जागे होतात आणि जेथे काम टाकले होते तेथून पुढे सुरू करतात.

हा धंदा आपल्या देशात तसा जुना नाही. केरळच्या किनाऱ्यावरची कोळंबी पूर्वी उन्हात वाळवून ब्रह्मदेशास पाठवीत असत. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन कोल्लमजवळील नीण्डकर या गावी मासेमारीच्या सुधारणेचा एक प्रकल्प निघाला. यंत्राच्या होड्या आल्या, बर्फ आला, गोठवणी आली. याच दशकात कोचीहून गोठविलेली कोळंबी परदेशी जाऊ लागली. गरीब कोळ्यांच्या ताटात अधिक मासळी पडावी हा मूळ हेतू होता. पण कोळंबीला परदेशात असा काही भाव आला की ती ताटाऐवजी जहाजात गेली. नीण्डकर व त्याच्या आसपास आपल्याच श्रद्धेचे पुष्कळ लोक आहेत. कोल्लम हा तर १३२९ साली स्थापन झालेला धर्मप्रांत. त्याचे पहिले महागुरुस्वामी योर्दानुस हे तेच, ज्यांनी १३२१ साली ठाण्यात हुतात्मा झालेल्या फ्रान्सिस्कन बंधूंचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. विषयांतर झाले, क्षमा असावी. पण कोळंबीचे पाकीट हातात घेतले की मला हे आठवते खरे. कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये थंडगार पाण्यात हात घालून तासन्‌तास उभ्या राहतात त्या बहुतेक बायाच, हेही आठवते.

आज पाकिटातून जी मिळते ती बहुतेक समुद्रातली नव्हे, तळ्यात वाढविलेली असते. वन्नामेई नावाची ही जात मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. २००९ साली तिच्या संवर्धनास आपल्याकडे परवानगी मिळाली आणि आंध्र प्रदेश या बाबतीत साऱ्या देशाच्या पुढे गेला. चव आपल्या खाडीच्या कोळंबीपेक्षा सौम्य असते, हे मान्य केले पाहिजे. त्यावर उपाय आहे, तो पुढे सांगतो.

आता खरेदी. पाकीट दुकानातल्या शीतपेटीतून बाहेर काढल्याबरोबर प्रथम हलवून पाहावे. आतले दाणे गारगोट्यांसारखे खुळखुळले पाहिजेत. सगळ्यांचा मिळून एक गोळा झाला असेल, किंवा पाकिटाच्या आतून भुरभुरीत हिम साचले असेल, तर ते पाकीट वाटेत कोठेतरी वितळून पुन्हा गोठलेले आहे असे समजावे व परत ठेवावे. (ठोकळ्याच्या आकारात गोठविलेली कोळंबीही मिळते; ती मुळातच एकसंध असते, तिला हा नियम लागू नाही.) कडांना पांढरे, कोरडे, खडूसारखे डाग दिसले तर ती थंडीने करपली आहे. तिने अपाय होत नाही, पण खाताना चिंधी चावल्यासारखे वाटते. कवचावर काळे ठिपके दिसतात ते दर वेळी कुजण्याचेच असतात असे नाही. सफरचंद कापून ठेवले की काळे पडते, तशातलाच तो प्रकार. तरी ठिपके पुष्कळ असतील तर हयगय झाली आहे हे निश्चित.

पाकिटावर ३१/४० किंवा ४१/५० असे आकडे असतात. त्याचा अर्थ एका रत्तलात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, इतके नग भरतात. आकडा लहान तितकी कोळंबी मोठी, आणि किंमतही मोठी. तळण्यासाठी २६/३० घ्यावी. कालवणाला ५१/६० पुरते, आणि पैसे वाचतात. 'पीडी' असे लिहिले असेल तर सोलून धागा काढलेली, 'पीयूडी' असेल तर सोललेली पण धागा तसाच.

वजनाविषयी मात्र सावध राहावे. गोठलेली कोळंबी वाऱ्याने सुकू नये म्हणून तिला पाण्यात बुडवून काढतात व तिच्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरवितात. पापुद्रा हवाच, त्यात लबाडी नाही. लबाडी त्याच्या जाडीत आहे. किलोच्या पाकिटात वीस टक्के बर्फ असला तर आपल्या हाती आठशे ग्रॅम कोळंबी येते, म्हणजे सहाशे रुपये किलो म्हणून घेतलेली ती खरोखर साडेसातशे रुपये किलो पडते. 'बर्फाशिवाय निव्वळ वजन' किती, हे पाकिटावर शोधावे. ते बहुधा मागल्या अंगाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असते. मी एकदा शहरातल्या एका दुकानातून किलोभर म्हणून आणलेली कोळंबी घरी गार पाण्यात धरून, पापुद्रा जाताच निथळवून तराजूत टाकली. सातशे ग्रॅमच्या आसपास भरली. परत जाऊन विचारले तेव्हा दुकानदार म्हणाला, "फादर, बर्फातली घेतली म्हणजे बर्फ येणारच." त्यानंतर मी चष्मा घेतल्याशिवाय त्या दुकानात गेलो नाही.

त्याच बारीक अक्षरांत घटकांची यादीही असते. 'आयएनएस ४५१' असे दिसले तर कोळंबीने पाणी धरून ठेवावे म्हणून तिला क्षार दिलेला आहे. अशी कोळंबी कच्ची असताना बुळबुळीत व काचेसारखी दिसते, आणि कढईत टाकली की वाटीभर पाणी सोडते. 'आयएनएस २२३' हा काळे ठिपके पडू नयेत म्हणून वापरतात. घरात दम्याचे माणूस असेल तर ते पाकीट घेऊ नये, कारण काही दमेकऱ्यांना तो सोसत नाही. आणि पाकीट सर्व खरेदी झाल्यावर शेवटी घ्यावे. वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळून, झाकणाच्या डब्यात घालून सरळ घर गाठावे. बाजारातून निघाल्यावर वाटेत मावशीकडे चहा, मग आत्याकडे लग्नपत्रिका, असा बेत असेल तर त्या दिवशी कोळंबी नको.

घरी आल्यावर ती ठेवायची कोठे? ज्यांच्याकडे वेगळी शीतपेटी आहे, आणि जिच्यात उणे १८ अंश थंडी राहते, तेथे ती दोन-तीन महिने चांगली टिकते. परंतु आपल्यापैकी बहुतेकांकडे एकदारी फ्रीज, व त्यात वरच्या बाजूला बर्फाचा लहान कप्पा असतो. तो कप्पा उणे १८ पर्यंत क्वचितच जातो. त्याचे दार दिवसातून वीस वेळा उघडते, मुले बर्फ काढतात, आणि आठवड्यातून एकदा आपण त्याचा साचलेला बर्फ काढण्यासाठी बटण दाबतो. त्या कप्प्यात कोळंबी आठ दिवसांच्या आत संपवावी. मोठे पाकीट आणले असेल तर घरी येताच, वितळू न देता, एका जेवणाला लागेल तेवढ्या पुड्या बांधाव्यात, आतली हवा दाबून काढावी आणि वर तारीख लिहावी. असे केले म्हणजे एका वेळेसाठी सगळा गोळा वितळवून उरलेला परत ठेवण्याचा मोह होत नाही.

हा मोह म्हणजे काय, ते आता सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. मे महिन्यात आमच्या पाठीराख्या संताचा सण होता. रविवारी मिस्सेनंतर गायकवृंद व बाहेरून आलेले पाहुणे अशा अकरा जणांस माझ्याकडे जेवण होते. चार किलो कोळंबी बुधवारीच आणून शीतपेटीत ठेवली होती. गुरुवारी रात्री वळीव कोसळला. झाडे पडली, विजेचे खांब पडले, आणि वीज गेली ती शनिवारी दुपारी आली. म्हणजे चाळीस तासांच्या आसपास. भरलेली शीतपेटी दार न उघडता ठेवली तर दोन दिवससुद्धा थंडी धरते. आमची अर्धीच भरलेली होती, आणि सरबतासाठी बर्फ म्हणून ती आम्ही किती वेळा उघडली ते कोणी मोजले नाही.

माझ्याकडे स्वयंपाकाला एक मावशी होत्या. त्यांनी शनिवारी दुपारी पाकिटे बाहेर काढली व मला बोलावले. कोळंबी मऊ पडली होती, पिशव्यांत पाणी साचले होते, आणि ते पाणी गारही नव्हते. मावशी म्हणाल्या, "फादर, ही टाकून देऊ या." मी वाकून वास घेतला. वास नव्हता. मी म्हणालो, "चार किलो आहे, मावशी. वीज आली आहे, पुन्हा गोठू द्या. उद्या स्वच्छ धुऊन मसाला जरा सढळ घाला." त्या काही क्षण उभ्या राहिल्या. मग "बरे" म्हणाल्या आणि पाकिटे परत ठेवली. आमच्या घरातून फादरांचा शब्द कोणी मोडीत नाही. ती रीत चांगली की वाईट हा विचार मी त्या दिवसापर्यंत कधी केला नव्हता.

रविवारी रात्री दहाच्या सुमारास पहिला निरोप आला. पहाटेपर्यंत अकरांपैकी सात जणांना उलट्या व जुलाब सुरू झाले होते. सहा जण दोन दिवसांत उठून बसले. सातवे, गायकवृंदात चाळीस वर्षे गाणारे एक वृद्ध गृहस्थ, वय शहात्तर, त्यांस तालुक्याला इस्पितळात न्यावे लागले. दोन रात्री मी त्यांच्या खाटेशी बसून होतो आणि सलाइनचे थेंब मोजीत होतो. डॉक्टरांनी मला विचारले, "कोळंबी चांगली शिजविली नव्हती का?" मी म्हणालो, भरपूर शिजविली होती. तेव्हा त्यांनी सांगितले की उबेत वाढलेले काही जंतू अन्नात असे विष सोडतात, जे शिजवूनही नाहीसे होत नाही. जंतू मरतात, विष राहते. आणि त्याला वास असलाच पाहिजे असे नाही.

तिसऱ्या दिवशी त्या वृद्ध गृहस्थांना घरी सोडले. मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "फादर, वादळ तुम्ही आणले नव्हते." वादळाची गोष्ट नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. मावशींकडे गेलो तर कळले की त्या स्वतःही आजारी होत्या. त्यांनीही ती कोळंबी खाल्ली होती. का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "पाहुण्यांना वाढले आणि आपण नाही खाल्ले, असे कसे करू?"

तेव्हा, गृहिणींनो आणि गृहस्थहो, वीज गेली असता दार उघडू नका. वीज आल्यावर कोळंबी हाताला टणक लागली, तिच्यावर बर्फाचे कण दिसले, तर ती त्याच दिवशी शिजवून टाका. मऊ पडून कोमट झाली असेल तर वासावर भरवसा न ठेवता खड्ड्यात पुरा. मांजरालाही घालू नका. किती किलो आहे हे त्या वेळी मनात आणू नये. आणि आपण घरी नसताना वीज येऊन-जाऊन गेली तर कळणार कसे? त्यासाठी एक युक्ती आहे. एका वाटीत पाणी गोठवावे, त्या बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवावे आणि वाटी कोळंबीशेजारी कप्प्यातच असू द्यावी. नाणे वर असेल तर सर्व ठीक. नाणे बर्फात बुडून गेलेले दिसले तर मधल्या वेळात सारे वितळून पुन्हा गोठले आहे. माझ्या स्वयंपाकघरात तेव्हापासून अशी वाटी असते.

वितळविण्याची रीत सोपी आहे, फक्त आदल्या रात्री आठवण हवी. पुडी एका भांड्यात ठेवून फ्रीजच्या खालच्या भागात रात्रभर असू द्यावी. घाई असेल तर पिशवी घट्ट बांधून गार पाण्यात बुडवावी, पाणी एकदोनदा बदलावे. अर्ध्या तासात काम होते. ओट्यावर उघडी ठेवू नये, उन्हात ठेवू नये, आणि कढत पाणी तर मुळीच ओतू नये. बाहेरची बाजू शिजते व आत बर्फ तसाच राहतो. वितळलेली कोळंबी पुन्हा गोठवायची नाही. शिजवून मग गोठविली तर चालते.

पाठीवरचा काळा धागा म्हणजे तिचे आतडे. तो राहिला तर माणूस दगावत नाही, पण दाताखाली कचकच येते. सुरीचे टोक पाठीवरून फिरवून तो उचलावा. मग कोळंबी फडक्यावर कोरडी करावी. हे काम पुष्कळ जणी वगळतात आणि नंतर कालवण पाणचट झाले म्हणून पाकिटाला दोष देतात.

आता शिजविणे. आपल्या बायकांचा हात मासळीला चांगला आहे. परंतु कोळंबीच्या बाबतीत एक जुनी खोड आहे, ती म्हणजे मटणासारखी रटरटवीत ठेवणे. कोळंबीला दोन ते तीन मिनिटे लागतात, मोठीला चार. तिचा करडा रंग जाऊन ती केशरी-गुलाबी झाली, आतले मांस पारदर्शक न राहता दुधासारखे दिसू लागले, आणि अंग विळ्यासारखे वाकले की उतरावी. वेटोळे करून शेपूट डोक्याच्या बाजूला टेकले म्हणजे ती रबर झाली. हा रंग तिच्या अंगात आधीपासूनच असतो. प्रथिनाने तो झाकलेला असतो, आणि उष्णतेने ते प्रथिन सुटले की उघडा पडतो. मुलांना हे दाखवावे, त्यांना मौज वाटते.

कालवण मी मावशींकडून शिकलो ते असे. पाव किलो कोळंबीला मीठ व हळद लावून ठेवावी. अर्धी वाटी ओले खोबरे, पाच-सहा बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, चार लसूणपाकळ्या व थोडी चिंच एकत्र गंधासारखे वाटावे. तेलावर एक कांदा परतावा. आणि येथे मघाशी म्हटलेला उपाय. सोललेल्या पाकिटातल्या कोळंबीला कवच नसते, डोके नसते. चव तर त्यांतच असते. म्हणून मूठभर सुके सोडे, किंवा नसल्यास निवडून भाजलेले सुकट, कांद्याबरोबर परतून घ्यावे. मग वाटण घालावे, पाणी घालून दहा मिनिटे उकळी आणावी. कैरीच्या दिवसांत कैरीच्या फोडी घालाव्यात, मग चिंच नको. एरवी शेवग्याच्या शेंगा किंवा भेंडी. हे सर्व शिजले, मीठ-आंबट चाखून झाले, की सर्वांत शेवटी कोळंबी सोडावी, तीन मिनिटे मोजावीत आणि भांडे खाली उतरवावे. रश्श्याच्या अंगच्या उष्णतेवर ती आणखी थोडी शिजते, हे धरून चालावे. कवचासकट कोळंबी मिळाली तर सोडे नकोत. कवचे थोड्या तेलावर लाल होईतो परतून, पाण्यात वीस मिनिटे उकळून, ते पाणी गाळून घालावे. उरलेले कालवण दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये ठेवावे व दुसऱ्या दिवशी खळखळून उकळल्याशिवाय वाढू नये.

काही माणसांना कोळंबी मुळीच सोसत नाही. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो. हा मासळीच्या ताजेपणाचा प्रश्न नव्हे आणि शिजविल्याने जाणारी गोष्ट नव्हे. अशा माणसाला "एक खाऊन पाहा" असा आग्रह करू नये. तो पाहुणा असला तरी करू नये. पाहुणा असला तर आपल्याकडे आग्रह जास्तच होतो, म्हणून लिहिले. श्वास लागलाच तर घरगुती उपायांत वेळ न घालविता थेट इस्पितळ गाठावे.

प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी कोळंबी चालते का, असेही एकाने मला विचारले आहे. मांसवर्ज्याच्या नियमात मासळी येत नाही व कोळंबीही येत नाही. पण २६/३० ची कोळंबी तळून, वर लिंबू पिळून केलेले प्रायश्चित्त कितपत वजनाचे भरेल, याचा तराजू ज्याच्या त्याच्या घरी आहे.

हे लिहीत असतानाच त्या माउलीकडून निरोप आला. कोळंबी तिने फ्रीजमध्ये रात्रभर वितळविली आणि कैरी घालून कालवण केले. मुलगा बेळगावला जाताना डबा घेऊन गेला. सासूबाईंनी स्वतःसाठी वेगळे सुकट भाजून घेतले. मात्र भातावर रस्सा दोनदा मागितला.